ऑइलचा बोल्ट हलेना, तेव्हा

पप्पांची 2007 सालची स्प्लेंडर आता मी चालवते. कोल्हापुरात शाहूपुरी ते शिरोली एमआयडीसी, रोज जाऊन येऊन. ऑइल बदलणं, चेन ताणणं, ब्रेक अ‍ॅडजस्ट करणं ही कामं घरीच करते, आमच्या कुंभार गल्लीत दारात पोतं अंथरून. गेल्या वर्षी एकदाच घाई होती म्हणून ऑइल बाहेर एका गॅरेजात बदलून घेतलं. पुढच्या खेपेला घरी खोलायला बसले तर चेंबरखालचा, म्हणजे इंजिनच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट हलेना. रिंग पाना लावून दोन्ही हातांनी ओढला, मग पायानं दाबला. गाडी डबल स्टँडवरनं पुढं सरकली, बोल्ट जागच्या जागी.

पान्याला लावायला पाईप शोधत होते, तेवढ्यात नाना आले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. उद्यमनगरात त्यांचं लेथ आहे, हयात तिथंच गेली.

"काय करालीस?"

"पाईप लावते नाना, त्याशिवाय सुटायचा नाही."

"पाना घसरला की डोकं गोल हुतंय. मग मलाबी न्हाई सुटायचा. आधी पाना खाली ठेव."

त्या दिवशी तो बोल्ट सुटायला दीड तास लागला, आणि त्यातला खरा जोर लावण्याचा वेळ होता जेमतेम मिनिटभर. तो दीड तास इथं मांडते आहे, कारण घरी गाडी खोलणारे बहुतेक जण, माझ्यासारखेच, त्या मिनिटापासून सुरुवात करतात.

आधी बोल्ट का अडलाय ते ठरवा. अडलेले बोल्ट दोन जातीचे. एक गंजून धरलेला, दुसरा प्रमाणाबाहेर आवळलेला. गंजलेल्याला तेल लागतं आणि वेळ लागतो. आवळलेल्याला तेलाचा फारसा उपयोग नाही, कारण तेल शिरायला आत फटच नसते. त्याला ठोका लागतो. ऑइलचा बोल्ट आतून कायम तेलातच असतो, त्यामुळे तो गंजून अडलेला सहसा सापडत नाही. तो न सुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: कुणीतरी आवळलाय.

आवळताना आपण लावलेला जोर जातो कुठं, हे मी कंपनीत शिकले होते. रोज टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, हातात असतो. साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखाली, वायसरवरच्या घासणीत संपतो. चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घासणीत. उरलेला जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणतो, आणि त्या ताणावरच बोल्ट धरून राहतो. कागदावर हे मला पाठ होतं. पण खोलताना त्याचा अर्थ काय, ते नानांनी सांगितलं: बोल्ट सर्वांत घट्ट धरलेला असतो तो डोक्याखाली. तिथली पकड हलवा, अर्धं काम झालं. पाईप ती पकड हलवत नाही, तो फक्त पिळतो. पिळून एक तर बोल्ट सुटतो, नाहीतर डोकं गोल होतं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. यातलं काय होणार, हे आपल्या हातात राहत नाही.

आता कृती.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या, माझ्यासारखी उतारावर नको. हँडल लॉक करा आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. डबल स्टँड पुढं ढकललं की मिटतं, म्हणून पाना अशा कोनात बसवा की तुमची ओढ गाडीच्या मागच्या बाजूला किंवा आडवी येईल. पुढच्या बाजूला ओढ कधीच नको. गाडीखाली हात असताना ती घसरली तर काय होतं ते मला सांगायला लागू नये.

मग दिशा. हसू नका, निम्मे बोल्ट इथंच बिघडतात. ऑइलचा बोल्ट खालून वर बसवलेला असतो. खाली झोपून त्याच्याकडं बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो. पण आपण गाडीवरनं वाकून हात खाली घालतो, तेव्हा तीच दिशा डोळ्याला घड्याळाच्या काट्यासारखी दिसते, आणि माणूस सोडवतोय असं समजून आणखी आवळत राहतो. नानांची युक्ती अशी: पाण्याची बाटली उलटी धरा, टोपण खाली. आता ते टोपण खोला. हात जसा फिरला, तसाच पाना फिरवायचा. शिवाय काही जागी उलटे आटे असतात. यामाहाच्या कित्येक गाड्यांचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा असतो. त्याच्याशी झोंबण्याआधी हे माहीत पाहिजे.

बोल्ट साफ करा. चिखल, जुनं ऑइल, उडालेली माती, सगळं. पेट्रोलचा बोळा आणि जुना टूथब्रश पुरतो. डोक्याच्या कोपऱ्यात माती राहिली तर पाना पूर्ण खाली बसत नाही, वरच्या वर टेकतो आणि तिथूनच घसरतो.

पाना कुठला? फिक्स पाना अजिबात नको. तो फक्त दोन बाजूंना धरतो आणि जोर आला की त्याचा जबडा उघडतो. सहा कोनी गोटी (सॉकेट) सर्वांत चांगली, कारण ती बोल्टच्या सपाट बाजूंवर जोर टाकते. बारा कोनी गोटी किंवा रिंग पाना कोपऱ्यांवर टाकतो. नवा आणि नेमका बसणारा असेल तरच तो चालतो. माझ्या गाडीला 17 चा लागतो. माझा रिंग पाना जुना होता, बोल्टवर थोडा हलत होता. तेवढं हलणं नानांनी बघितलं आणि भाच्याला उद्यमनगरला पाठवून सहा कोनी गोटी मागवली. येईपर्यंत आम्ही चहा घेतला. आज वाटतं, बोल्ट वाचला तो त्या अर्ध्या तासात.

आता ठोका. पितळेचा बोटभर जाड रॉड बोल्टच्या डोक्यावर अगदी सरळ उभा धरायचा आणि पाव किलोच्या हातोडीनं खालून वर ठोके द्यायचे, पंधरा-वीस. जोरात नाही, पण कोरडे आणि नेमके. दारावरच्या कडीचा आवाज येतो तसे. लोखंडी पंचानं डोक्यावर खड्डे पडतात, पितळ स्वतः दबतं आणि डोकं वाचवतं. पितळ नसेल तर बाभळीच्या लाकडाचा तुकडा चालेल. ठोका चेंबरवर बसू द्यायचा नाही. ते अ‍ॅल्युमिनियम आहे, तडकतं. या ठोक्यांनी बोल्ट फिरत नाही, फिरवायचाही नसतो. डोक्याखाली वायसरला चिकटलेली पकड हादरून मोकळी होते, एवढंच. बाहेरून काहीच झालेलं दिसत नाही, म्हणून लोक हे वगळतात.

त्यानंतर इंजिन चालू करून पाचेक मिनिटं गरम होऊ दिलं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या जागी 80 अंशांनी तापमान वाढलं तर दोघांतला फरक पडतो एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतका. ऐकायला काहीच नाही. पण आम्ही कंपनीत याच्याहून कमी फरकावर पार्ट नापास करतो, तेव्हा मला त्याची किंमत कळते. सायलेन्सरपासून हात जपा आणि ऑइल उकळतं होऊ देऊ नका. कोमट ते गरम बास. इथं ज्योत, ब्लो टॉर्च, मेणबत्ती काहीही आणायचं नाही. वर कार्ब्युरेटर आहे, टाकी आहे, खाली ऑइल.

आता कुठं जोर. तोही ओढून धरण्याचा नाही, झटक्याचा. गोटी हँडलला लावून डाव्या हातानं बोल्टवर घट्ट दाबून धरायची, कलू द्यायची नाही. उजव्या हातानं हँडलच्या टोकाला रबरी हातोडीचे छोटे, तुटक तडाखे. नाना तरुणपणी तालमीत जायचे, ते म्हणाले, "समोरच्याला नुसता रेटत बसलं तर तो पाय रोवतोय. आधी हालवायचा." पाच-सहा तडाख्यांत माझा बोल्ट सुटला नाही. तुमचा सुटू शकतो. पुष्कळ बोल्ट इथंच सुटतात.

मग आणला पाईप, पण मोजून. हा हिशोब मन लावून वाचा. लहान गाड्यांच्या अशा बोल्टला साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) आवळणं पुरतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. 20 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर लावला की 25 न्यूटन-मीटर होतात. एका हाताचं काम. तोच पाईप लावून अर्धा मीटर केला आणि 20 किलोनं ओढला की 100 च्या जवळ, म्हणजे चौपट. 60 सेंटिमीटरवर 40 किलो अंग टाकलं तर सव्वादोनशेच्या वर. त्याला 12 चा बोल्ट टिकत नाही, आणि हाताला हे काहीच जाणवत नाही, कारण लांब पाईपवर सगळं सोपंच वाटतं. म्हणून नानांनी पाईप अर्ध्या मीटरला कापला आणि मला एका हातानं ओढायला सांगितलं. दुसरा हात गोटी दाबून धरायला.

ओढताना कान आणि मनगट दोन्ही जागे ठेवा. टणक, कोरडा "टक्" आवाज आला आणि हँडल एकदम थोडं सरकलं तर बोल्ट सुटला. रबरासारखं लवचिक वाटलं, म्हणजे हँडल येतंय पण सोडलं की परत जातंय, तर बोल्ट पिळतोय; लगेच थांबा आणि पुन्हा ठोके, पुन्हा गरम. काहीतरी मऊ चिरडत आल्यासारखं वाटलं तर आटे चाललेत. अशा वेळी थोडं परत आवळायच्या दिशेनं न्या, पुन्हा सोडा, पुढे-मागे करत या. आम्हाला ठोक्यांची दुसरी फेरी करावी लागली. त्यानंतर एकदाच "टक्" झालं. तो आवाज अजून कानात आहे.

बोल्ट हातात आल्यावर कारणही हातात आलं. वायसर जुनाच होता, कित्येक वेळा वापरलेला, दबून कडक झालेला, एका बाजूला चीर. म्हणजे त्या गॅरेजात ऑइल झिरपलं असणार, आणि वायसर बदलायच्या ऐवजी बोल्ट आवळत गेले असणार. बोल्टच्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियमची बारीक चमकी लागली होती. नानांनी 12 चा, दीडच्या पिचचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, ग्रीस लावून हातानं हळूच फिरवला, कीस ग्रीसला चिकटून बाहेर आला. दोन आटे गेले होते, बाकीचे शाबूत.

डोकं आधीच गोल झालं असेल तर? सगळ्यात आधी, झटापट बंद. डोकं थोडंच झिजलं असेल तर एक नंबर लहान गोटी, 17 ला 16 ची, हातोडीनं ठोकून बसवता येते. ठोकण्यानं डोक्याखालची पकडही हादरते, हा दुहेरी फायदा. त्याहून जास्त झिजलं असेल तर कानशीनं समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) लावा. तेही जमलं नाही तर छन्नी: डोक्याच्या कडेला आधी सरळ खाच पाडायची, मग छन्नी तिरकी करून सुटायच्या दिशेनं मारत जायचं. इथं डोळ्याला चष्मा हवाच. यापुढची पायरी म्हणजे डोक्यावर नवा नट वेल्डिंग करून त्याला पाना लावणं. हे भारी उपयोगी आहे, कारण नट धरतोही आणि उष्णतेनं पकडही सुटते. पण ते घरी करायचं काम नाही. आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या का, हे स्वतः बघा. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल बसवतात, म्हणजे भोक मोठं करून नव्या आट्यांची स्प्रिंग आत. कोल्हापूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग. चेंबर नवं घ्यायला लागेल असं कुणी पहिल्याच दमात म्हणालं तर तिथं एकदा विचारून या.

आता गंजलेल्या जातीबद्दल, कारण आपल्याकडं ती कमी नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा ही गाडी सीटपर्यंत बुडाली होती. 2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं. त्यानंतर मागच्या चाकाच्या एक्सलचा नट असा धरला की जणू एकजीव झालाय. त्याला पाईपचा जोर नाही, त्याला सबुरी. आधी तारेच्या ब्रशनं नटाबाहेर दिसणारे आटे चकचकीत करायचे, कारण सुटलेल्या नटाला त्याच आट्यांवरून बाहेर यायचंय. गंजावर तो पुन्हा अडतो. मग गंज सोडवायचा स्प्रे, नाहीतर डिझेल, नटाच्या दोन्ही तोंडांशी. रात्री एकदा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि प्रत्येक वेळी चार ठोके नटाच्या बाजूंवर, म्हणजे तेल आत ओढलं जातं. ब्रेक शूच्या ड्रममध्ये एक थेंबही जाता कामा नये, चिंधी गुंडाळा. गंजलेल्या नटाला आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवलं तर गंजाची साखळी तुटते, मग सोडायचा. आवळलेल्या बोल्टला मात्र असं करू नका, तो आधीच मर्यादेबाहेर आहे. दुसऱ्या टोकाला एक्सल फिरू नये म्हणून तिथंही पाना धरायला माणूस बसवा. माझा नट तिसऱ्या दिवशी सुटला.

चौफुली स्क्रूंचं थोडक्यात. जुन्या हिरो होंडा, आरएक्स 100 अशा जपानी घराण्यातल्या गाड्यांचे स्क्रू जपानी मापाचे असतात, आणि साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर आला की वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. स्क्रूच्या डोक्यावर फुलीशेजारी छोटा ठिपका असेल तर तो जपानी समजा आणि तसाच ड्रायव्हर घ्या. अडला तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, जो हातोडीच्या ठोक्यालाच फिरण्यात बदलतो. घ्यायच्या हत्यारांत मी तो गोटी सेटच्या आधी घेईन. खाच थोडी खरवडलेली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर भरा, ड्रायव्हर धरून राहतो.

परत बसवताना वायसर नवाच. दर वेळी. आटे चिंधीनं पुसून, बोल्ट पहिले तीन फेरे बोटांनी बसवा. बोटांनी जात नसेल तर तिरका लागलाय, काढून पुन्हा. मग टॉर्क रेंच. घरी रेंच नसेल तर सामान तोलायचा हूकचा काटा आणा, पान्याच्या दांड्याला बोल्टच्या मध्यापासून बरोबर 20 सेंटिमीटरवर अडकवा, काटकोनात ओढा. साडेबारा किलो दिसले की 25 न्यूटन-मीटर झाले. मी कंपनीतल्या रेंचशी ताडून बघितलंय, कामापुरतं बरोबर येतं. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून चेंबरवर जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढते. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते, आणि उगाच पाना लावून "बघू जरा घट्ट आहे का" असं करायची गरज राहत नाही.

रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारून या आणि रात्री इंजिनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर पाना उचलू नका. बोल्ट काढा, वायसर बघा, बसायची जागा पुसा, नवा वायसर घालून त्याच आकड्यावर पुन्हा बसवा. माझ्या बोल्टवर ती नेलपॉलिशची रेघ तीन ऑइलपासून सरळ आहे; परवा तो 20 सेंटिमीटरच्या पान्यानं, एका हातानं सुटला.